गारांची वाट पाहणारा माणूस

गफूरचाचा कुणाच्याही घरी छताचं काम बघायला आले की आधी छताकडे बघायचेच नाहीत. दार लावून घ्यायला सांगायचे, खिडक्या बंद, पंखा बंद, आणि खोलीच्या मधोमध फतकल मारून बसायचे. मग सदऱ्याच्या खिशातून उदबत्ती निघायची. ती पेटवून फरशीच्या फटीत खोचायची आणि धुराकडे बघत राहायचं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मध्ये कुणी बोललं की हात वर करून त्याला गप्प बसवायचे. घरची माणसं चुळबुळत. पत्रेवाल्याला बोलावलंय की देवऋष्याला, असं एकमेकांना खुणेनं विचारत. पण धूर कुठं वळतो, कुठं अडतो, कुठं वर चढून परत खाली येतो, हे नीट पाहिल्याशिवाय चाचा कातरीला हात लावत नसत. "घर कुठून श्वास घेतंय ते कळल्याबिगर त्याला हात लावायचा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

चाचांना जाऊन आता सव्वा वर्ष होईल. अहमदपूरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्याचे कुलर बनवायचे, पावसाळ्याच्या तोंडावर गळकी छतं दुरुस्त करायची आणि उरलेल्या दिवसांत धान्याच्या कोठ्या, असं त्यांचं वर्ष चालायचं. मोंढ्यात गफूर पत्रेवाला कुठं राहतो म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवत. मग एकदम उजेड पडायचा, "कायकूचाचा का?" कायकू म्हणजे दखनीत कशाला. हा शब्द चाचांच्या तोंडात सुपारीसारखा कायम असायचा. बैल उजव्या कुशीवरच का बसला, कायकू? चहा ओतल्यावर बशीतला लवकर का निवतो, कायकू? माझ्या अंगणवाडीत एकदा आले तर बाळांचं वजन करायच्या काट्याला लटकून स्वतःचं वजन करता येईल का, हे बघायला निघाले होते. मी वेळेवर पोचले म्हणून काटा वाचला.

मी अंगणवाडीत काम करते. आमचं गाव अहमदपूरपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. गावातल्या बावीस घरच्या बायकांचा आमचा गट आहे आणि त्या गटानं एक हट्ट धरला होता, की सोयाबीनचं बियाणं विकत आणायचं नाही, घरचंच राखायचं. एका वर्षी विकतचं बी उगवलं नव्हतं आणि दुबार पेरणी करावी लागली होती, त्याचा राग होता. पण घराघरांत ठेवलेलं बी उंदीर खात, ओल धरी. म्हणून मी पुढाकार घेतला. गटाचं पत्र्याचं गोदाम होतं, त्यात सगळ्यांचं बी एकत्र ठेवायचं ठरवलं. "मी जबाबदार," असं मी बैठकीत बोलून बसले. माझी जीभ ही अशी आहे. विचार मागून येतो.

गोदामात निम्म्या उंचीवर बाभळीच्या फळ्यांचा माळा होता. पोती माळ्यावर, म्हणजे खालची ओल लागायला नको. आणि वरची कोंदट हवा बाहेर जावी म्हणून आढ्याला पत्र्यात दोन चौकोनी तोंडं ठेवली होती, त्यांच्यावर चार पायांची पत्र्याची टोपी. जुन्या माळवदाच्या घरात उजेड यावा, धूर जावा म्हणून छतात भोक ठेवतात, त्याला आमच्याकडे सानं म्हणतात. बायका या तोंडांनाही सानंच म्हणायच्या. पहिल्याच वर्षी फाल्गुनात गारा झाल्या. टोपीखालून वाऱ्यानं गारा आत लोटल्या आणि माळ्यावर त्यांचा ढीग लागला. त्या वितळल्या आणि अकरा पोती भिजली. बियाला मोड आले, तेही माळ्यावरच. ज्यांची ती पोती होती त्या बायका मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तडक चाचांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, दोन्ही सानी पत्रा ठोकून बंद करून द्या. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बंद करायचं तर माती बी करती, बाई. माझ्याकडं कशाला आलाव?"

मला राग आला. मी म्हणाले, काम करायचं नसेल तर तसं सांगा. त्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. गारा आत आल्या त्या उभ्या आल्या का आडव्या? मला कसं माहीत असणार, मी काय तिथं बसले होते? मग भिजलेली पोती सान्याच्या बरोबर खाली होती का बाजूला? आठवून सांगितलं, की खालची कोरडी होती, उगवतीच्या भिंतीकडची भिजली होती. चाचा खूश झाले. आमची अकरा पोती गेली आणि हा माणूस खूश होतोय, मला ते खरोखर सहन होईना. पण त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, की वारा मावळतीकडून टोपीच्या खाली शिरला, गारा सोबत घेऊन शिरला, आणि आत आल्यावर त्याचा जोर संपला तिथं त्यानं ओझं टाकलं. ते ऐकून मी स्टुलावर बसले.

ते गोदामात आले, उदबत्ती झाली. मग मला म्हणाले, दोन्ही सानी पोत्यांनी झाकतो, तुम्ही माळ्यावर जाऊन पंधरा मिनिटं बसा. भर दुपार होती. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "सोयाबीन होऊन बघा." मी हट्टानं चढले. दहाव्या मिनिटाला जीव घाबरा झाला, बाराव्याला मी शिडीवरून खाली. लुगडं घामानं चिंब. चाचा शांतपणे म्हणाले, सोयाबीनच्या बियाचं साल पातळ, जीव सालीला लागूनच. पोतं आपटलं तरी मरतंय, घुसमटलं तरी मरतंय. गारेनं अकरा पोती घेतली, सानं बुजवलं तर सगळी जातील. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या माणसाला येडा म्हणणाऱ्यांत मी नसलेलं बरं.

म्हणजे पेच असा होता: वारा आत यायला हवा आणि वारा जे घेऊन येतो ते बाहेर राहायला हवं. चाचांना असा पेच मिळाला की त्यांचं जेवण सुटायचं. जैनबचाची, त्यांची बायको, मला पुढे सांगायची, की तुमच्या सान्यापायी ह्यांनी तीन दिवस भाजीत मीठ आहे का नाही ते सांगितलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी टोपी बनवली. तिला चारी बाजूंनी कुलरला असतात तशा तिरक्या झडपा आणि झडपांच्या आत कुलरचं गवत, दोन जाळ्यांत दाबून बसवलेलं. वारा गवतातून गाळून आत येणार, गारा गवतात अडकणार.

आणि मग तिची परीक्षा. चाचांनी ती टोपी गल्लीत एका रिकाम्या पिंपावर ठेवली, समोर तीन हातांवर कुलरचा मोठा पंखा लावला आणि चाचीला मूठमूठ चुरमुरे वाऱ्यात सोडायला लावले. चुरमुरे म्हणजे गारा. पहिल्यांदा पिंपात सात चुरमुरे सापडले. झडपा थोड्या वाकवल्या, मग दोन सापडले. गवत जरा दाट केलं, एकही नाही. तोवर गल्लीतल्या शेळ्या जमल्या होत्या. समोरची एक बाई पंख्यामागून ओरडून सांगत होती, की चाचा, चुरमुरे उधळण्यापरीस भिजवून फोडणीला टाका, सुशीला करा, आम्ही येतो खायला. चाचांचं लक्षच नव्हतं. ते पिंपात डोकं घालून बसले होते, आणि बाहेर निघाले तेव्हा त्यांच्या दाढीला गवताच्या काड्या होत्या.

पुढच्या वर्षी फाल्गुनातच गारा झाल्या. फार मोठ्या नाही, बोराएवढ्या. मागून दोन दिवस भुरभूर पाऊस. मी माळ्यावर जाऊन पाहिलं तर एकही गार आत नव्हती. गावभर सांगत सुटले. आणि गंमत म्हणजे गोदाम इतकं गार झालं होतं की बायका दुपारी तिथंच येऊन बसायला लागल्या. तूर निवडायची तर तिथं, पोरांना निजवायचं तर तिथं. गयामावशी, आमच्या गटातली सगळ्यात थोरली, आपलं तीन एकर एकटी करणारी आणि कुणाचं चांगलं म्हणायला सहसा तोंड न उघडणारी बाई, तीसुद्धा म्हणाली, की चाचाच्या हाताला गुण हाय.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले. हात पुढे करून हवेत धरला. बायका कौतुकानं बघत होत्या. चाचांचं हसू हळूहळू गेलं.

"बाई," ते म्हणाले, "हे गार का हाय?"

मी म्हणाले, चाचा, तुमचीच कृपा. ते शिडी चढले, सान्याखालच्या पोत्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. खाली आले तेव्हा रंग उतरला होता. गारा गवतात अडकल्या, तिथंच वितळल्या, गवत तीन दिवस ओलं राहिलं आणि त्या ओल्या गवतातून वारा रात्रंदिवस आत येत राहिला. एकही गार आत आली नाही, तिचं सगळं पाणी मात्र वाफ होऊन आत आलं आणि पोत्यांत बसलं. चाळीस वर्षं कुलर बनवलेल्या हातांनी आमच्या बियाच्या माळ्याला कुलर करून ठेवलं होतं. आणि आम्ही बावीस जणी त्याखाली बसून हवा खात होतो.

पोती उतरवून सावलीत पसरली. मग उगवणीची तपासणी केली. तिची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा दिवसांनी मोड मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर बी बरं. चाचा रोज एसटीनं यायचे, गुंडाळीशेजारी बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मी त्यांना सांगितलं, की तुम्ही बसल्यानं मोड लवकर येत नाहीत. ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. घरी बसवत न्हाई." सहाव्या दिवशी त्यांनीच मोजलं. सान्याजवळच्या पोत्यांचं बी एक्केचाळीस उगवलं. त्यांनी पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच.

बैठकीत सांगायचं मी माझ्या अंगावर घेतलं होतं, पण चाचा आधी उभे राहिले. वळणं न घेता बोलले. "चूक माझी हाय. मी चुरमुऱ्यावर भरवसा ठेवला. चुरमुरे वितळत न्हाईत, एवढं माझ्या ध्यानात आलं न्हाई." मग गयामावशी बोलली. ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, की बी जास्त टाकून दाट पेरू, चांगलं बी सगळ्यांनी वाटून घेऊ, पण जूनमध्ये चाचानं माझ्या रानात यायचं आणि किती उगवलं ते डोळ्यांनी बघायचं. शिक्षाच ती. चाचा आले. पेरणीनंतर आठव्या-नवव्या दिवशी, हातात चपला घेऊन, पिकाच्या ओळीओळीतून, तासातासानं चालले. जिथं मोड नव्हता तिथं वाकायचे, बोटानं माती उकरायचे, कुजलेला दाणा काढून बघायचे आणि परत ठेवायचे. मावशी बांधावरून बघत होती. शेवटी तिनंच हाक मारली, "पुरे आता चाचा, चहा निवायलाय."

त्याच पावसाळ्यात गयामावशीचा पुतण्या बालाजी रजेवर आला. तो फौजेत आहे, तेव्हा तिकडे उंचावर, बर्फात होता. चाचांना हे कळलं मात्र, दुसऱ्या दिवशी हजर. बालाजीला वाटलं, चाचा पाकिस्तानबद्दल काहीतरी विचारणार, सगळे तेच विचारतात. चाचांनी विचारलं, "तिकडं छताला सानं असतंय का? आणि असतंय तर बर्फ आत शिरत न्हाई का?" बालाजी आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, चाचा, हे तुम्हाला कसं सुचलं? आमच्या बराकीत हाच ताप होता. बर्फ गारेवानी जड नसतंय, पिठावानी असतंय, वारा जाईल तिथं त्याच्यासंगं जातंय. सकाळी बघावं तर पोटमाळ्यावर ढीग. आम्ही आधी सानी गोणपाटानं बुजवली. तर आतल्या भिंतींना घाम फुटला, अंथरुणं वाळेनात. मग एका म्हाताऱ्या सुभेदारानं सान्यासमोर आडवी फळी ठोकली. वाऱ्याला खालून जाऊन, वळून, वर चढून आत यावं लागायचं. वारा वळतंय, बर्फाला तेवढं वळता येत न्हाई. ते तिथंच खाली पडतंय.

चाचांनी त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं. फळी किती लांब, सान्यापासून किती अंतरावर, वारा जोराचा असला तर काय, मंद असला तर काय. बालाजीचा चहा साय धरून बसला. शेवटी त्यानं माझ्या अंगणवाडीच्या वहीचं पान फाडून चित्र काढून दिलं. आणि मग चाचांनी तो प्रश्न विचारला, जो मला आयुष्यात सुचला नसता. "बर्फ तिथं खाली पडतंय. मग ते जातंय कुठं?" बालाजी म्हणाला, कुठं जाईल, पडून राहतंय, उन्हाळ्यात वितळतंय. चाचा मांडीवर थाप मारून म्हणाले, की आपल्याकडं तर लगेच वितळणार, म्हणून त्याला तिथं थांबूच द्यायचं न्हाई.

नवी टोपी त्यातून झाली. गवत नाही, जाळी फक्त पाखरांपुरती. बाहेरच्या पत्र्याआत दुसरा पत्रा, वाऱ्यानं खालून शिरायचं, वर चढायचं, पुन्हा वळून खाली यायचं आणि मग आत. पहिल्या वळणाच्या तळाला उतरतं पन्हाळं, गार पडली की घरंगळून सरळ बाहेर पत्र्यावर. ह्या वेळी चुरमुरे नाहीत. चाचांनी गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणली, कुटली आणि पंख्यासमोर उधळली. चाचीचे हात बधिर झाले. पिंप कोरडं राहिलं. पण चाचांचं समाधान होईना. कुटलेला बर्फ म्हणजे गार नव्हे, आणि गल्लीतला पंखा म्हणजे फाल्गुनातलं वादळ नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

इथून चाचांची खरी पंचाईत सुरू झाली. त्या वर्षी गारा आल्याच नाहीत. गाव सुटकेचा श्वास टाकत होतं आणि चाचा आभाळ आलं की गाडी पकडून आमच्या गावात. मावळतीकडे काळं दिसलं की त्यांच्या डोळ्यांत चमक यायची. ते गयामावशीच्या नजरेतून सुटलं नाही. एका दुपारी ढग आले आणि गेले, चाचा चावडीपाशी उभे राहून त्या जाणाऱ्या ढगांकडे बघत होते. मावशी जवळ जाऊन म्हणाली, "चाचा, तुमच्या टोपीपायी आमचा हरभरा मागू नका." चाचांनी दोन्ही कान धरले. तोबा तोबा म्हणाले. परतीच्या गाडीपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "मला गारा नक्को, बाई. पण टोपीला पायजेत. काय करू सांगा."

मला तरी काय सांगता येणार होतं. कारण माझंही तेच झालं होतं. पाच घरांनी आपलं बी परत नेलं होतं. त्यांचं चूक नव्हतं. दोन वर्षं हात पोळल्यावर कोण ठेवील? उरलेल्या सतरा जणी थांबल्या त्या टोपीवर विश्वास ठेवून नाही, माझं तोंड बघून थांबल्या. त्यात गयामावशीही होती. आणखी एकदा बी गेलं तर गट मोडणार, हे मला कळत होतं, आणि चाचांना ते माझ्याहून जास्त कळत होतं. गारा न येणं हे त्याचं उत्तर नव्हतं. त्या आल्या तरच टोपी खरी की खोटी ते ठरणार होतं, आणि त्या येऊ नयेत म्हणून सारं गाव हात जोडत होतं.

पुढच्या हिवाळ्यात चाचांच्या किडनीनं दगा दिला. लेक नांदेडला, म्हणून तिच्याकडे नेलं. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नळ्या लावून रक्त गाळायचे. मी भेटायला गेले तर पलंगावर बसून मला समजावून सांगत होते, की हे मशीन पण सान्यासारखंच, चांगलं आत येऊ द्यायचं, नको ते बाहेर ठेवायचं, फक्त त्याची जाळी कशाची असते ते डॉक्टर नीट सांगत न्हाई. लेक म्हणाली, अब्बांनी तिथल्या नर्सला दहा वेळा कायकू विचारलं, ती आता ह्यांना बघितलं की दुसरीकडं जाते. मी हसले. ते बारीक झाले होते, मनगटावर घड्याळ फिरत होतं. मला हसताना वाईट वाटलं.

फाल्गुनात एका दुपारी चारच्या सुमारास मावळत काळी झाली. मी अंगणवाडी बंद करून निघाले आणि वाटेतच गाठलं. लिंबाएवढ्या गारा. हातात अंगणवाडीचा पाट होता, तो डोक्यावर धरून मी पळत सुटले, घराकडे नाही, गोदामाकडे. आत शिरले तर पत्र्यावर असा दणका की स्वतःचा आवाज ऐकू येईना. शिडी चढले. सान्याखाली तोंड करून उभी राहिले. वर, टोपीच्या आत, गारा आदळत होत्या, खडखडत घरंगळत होत्या आणि बाहेरच्या बाजूनं पत्र्यावर पडत होत्या. माळ्यावर एकही नाही. मी एकेका पोत्यावर हात फिरवला, पुढून, मागून, खालून. कोरडी. सगळी कोरडी. मला रडू फुटलं आणि तसंच रडत मी नांदेडला फोन लावला.

व्हिडिओ लावायला गेले तर रेंज तुटायची. नुसता आवाज. लेकीनं फोन चाचांच्या कानाला धरला. मी फोन सान्याकडे उंच केला, त्यांना ऐकू जावं म्हणून. मग कानाशी आणून ओरडले, की एकही गार आत नाही, सगळी पोती कोरडी आहेत.

पलीकडून आधी नुसती खरखर. मला वाटलं फोन कटला. मग त्यांचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"कोरडं तर बुजवल्यावर बी राहतंय, बाई. वारा यायलाय का?"

मी थांबले. अंगावरचं लुगडं चिंब होतं, केस भिजले होते. सान्याखाली मान वाकवून उभी राहिले. आधी काहीच नाही, आणि मग मानेवरून गार झुळूक गेली. पुन्हा एक.

"यायलाय, चाचा," मी म्हणाले. "मान गारठली."

लेकीचा आवाज आला, अब्बा, पाणी देऊ का. मग चाचांनी विचारलं, गावात हरभरा कुणाकुणाचा उभा हाय? मी त्याचा विचारच केला नव्हता. बहुतेकांचा काढून झाला होता. राहिला होता तो गयामावशीचा. मजूर मिळाले नव्हते म्हणून परवावर गेला होता. मी तसं सांगितलं.

"मग माझ्याशी काय बोलत बसलाव?" चाचा म्हणाले. "जावा तिच्याकडं. टोपीचं मागून बोलू."

ते मागून बोलणं राहूनच गेलं. बाराव्या दिवशी चाचा गेले.

फोन झाला त्या संध्याकाळी गारा थांबल्यावर मी मावशीच्या रानात गेले. पांढऱ्या गारांखाली हरभरा जमिनीला चिकटला होता, घाटे फुटून दाणे चिखलात पडले होते. मावशी बांधावर बसली होती, डोक्यावर रिकामं पोतं घेऊन. मी शेजारी जाऊन बसले. मी नुकती आनंदानं रडून आले होते, त्याची मला लाज वाटत होती. तिनंच तोंड उघडलं.

"बियाचं काय झालं?"

"कोरडं आहे, मावशी. सगळी पोती हात लावून बघितली."

ती रानाकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं.

"मग पेरणी हाय म्हणायची," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली.